पार्श्वभूमी : आंद्रेआ पिर्लो बचावफळीपुढे कसा आला

इटलीचा निवृत्त फुटबॉलपटू आंद्रेआ पिर्लो आज ओळखला जातो तो बचावफळीच्या अगदी पुढे राहून सामन्याची लय ठरवणारा मिडफिल्डर म्हणून. पण ही जागा त्याची मूळची नव्हे. १९७९ मध्ये ब्रेशा शहराजवळच्या फ्लेरो येथे जन्मलेला पिर्लो वयाच्या सोळाव्या वर्षी ब्रेशाकडून सेरी ए या इटलीच्या अव्वल लीगमध्ये उतरला, तेव्हा तो आघाडीच्या फळीमागे, दहा क्रमांकाच्या जागी खेळत असे. १९९८ मध्ये इंटर मिलानने त्याला घेतले, परंतु तेथे त्याचे बस्तान कधी बसले नाही.

२००१ च्या सुरुवातीला इंटरने त्याला पुन्हा ब्रेशाकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरते उसने, धाडले. तेथे दहा क्रमांकाची जागा साक्षात रॉबर्टो बॅजिओची, इटलीच्या दिग्गज आक्रमक खेळाडूची, होती. तेव्हा कार्लो मात्सोने या जुन्याजाणत्या प्रशिक्षकाने पिर्लोला बाकावर न बसवता मागे, बचावफळीपुढे खेळवले. त्या जागेवरून सगळे मैदान समोर दिसते आणि पाय फारसे वेगवान नसले तरी नजर पक्की असलेल्या खेळाडूला चेंडू कोठे द्यायचा हे ठरवण्याची उसंत मिळते. १ एप्रिल २००१ रोजी तुरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध ब्रेशा एका गोलने मागे होता. सामना संपत आला असताना पिर्लोने दुरून उचलून दिलेला चेंडू बचावपटूंच्या डोक्यावरून नेमका बॅजिओच्या धावेपुढे पडला आणि बॅजिओने पहिल्याच स्पर्शात गोलरक्षक व्हॅन डर सारला चकवून बरोबरी साधली. या गोलची आठवण निघते ती बॅजिओच्या स्पर्शासाठी. माझ्या मते त्या पासचे मोल तसूभरही कमी नाही.

त्याच वर्षी पिर्लो एसी मिलानमध्ये गेला. तेथेही पुढच्या जागेसाठी रुई कोस्टासारखे खेळाडू होतेच. प्रशिक्षक कार्लो अँचेलोटी यांनी मात्सोने यांचीच वाट पुढे नेली आणि चेंडू हिसकावण्याचे कष्टाचे काम शेजारी खेळणाऱ्या मिडफिल्डर गटुसोकडे सोपवले. या जोडीच्या बळावर मिलानने २००३ आणि २००७ मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपीय क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली. मधल्या २००५ च्या इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात मात्र लिव्हरपूलविरुद्ध तीन गोलांची आघाडी हातची गेली आणि शूटआउटमध्ये पिर्लोची पेनल्टीही अडवली गेली.

पुढच्याच वर्षीच्या विश्वचषकात त्याच्या खेळाने कळस गाठला. उपांत्य सामन्यात यजमान जर्मनीविरुद्ध ११९ व्या मिनिटाला, पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर तो चेंडू घेऊन आडवा सरकत राहिला, बचावपटू त्याच्याकडे ओढले गेले आणि त्याने तिकडे न पाहताच सहकारी ग्रोसोला पास दिला. इटलीचा पहिला गोल तोच. बर्लिनच्या अंतिम सामन्यात मॅटेराझीच्या हेडरसाठी कॉर्नर त्याचाच होता, आणि शूटआउटची पहिली पेनल्टीही त्यानेच घेतली.

२०११ मध्ये करार संपल्यावर मिलानने त्याला जाऊ दिले. ती मोठी चूक ठरली, कारण युव्हेंटसने त्याच्यासह सलग चार वेळा सेरी ए जिंकली आणि त्यांतील पहिल्या मोसमात संघ लीगमध्ये अपराजित राहिला. २०१५ मध्ये बर्लिनमध्येच बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना गमावल्यानंतर तो न्यूयॉर्क सिटीकडे गेला आणि २०१७ मध्ये निवृत्त झाला.