रहाडीतला रंग आणि मेंदूतलं ग्लुटामेट

नाशिकमधल्या इमेजिंग सेंटरच्या पाट्यांवर हल्ली ‘१.५ टेस्ला’, ‘३ टेस्ला’ असे आकडे दिसतात. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप. १.५ टेस्ला म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. जितके टेस्ला जास्त तितकं चित्र स्पष्ट, एवढं एमआरआय काढायला आलेल्यालाही ठाऊक असतं. पण प्रयोगशाळांमध्ये ७ आणि ११.७ टेस्लापर्यंत जी धडपड चालली आहे, ती निव्वळ स्पष्ट चित्रासाठी नाही. ऊतींमध्ये कोणता रेणू कुठे आणि किती आहे, हे चिरफाड न करता पाहायचं आहे. गंमत म्हणजे हे नवं वळण नव्हेच. या विद्येचं माहेर रसायनशास्त्रच.

१९४६ मध्ये स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांनी पाण्यात आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांनी मेणात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा रेडिओ संदेश पकडला. १९५२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. तेव्हा चित्र काढण्याचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. १९५१ मध्ये स्टॅनफर्डलाच अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथाइल अल्कोहोलचा संदेश नोंदवला, तर एकाऐवजी तीन शिखरं दिसली, १:२:३ या प्रमाणात. रेणूमध्ये हायड्रोजन कुणाच्या शेजारी बसला आहे, त्यानुसार त्याचा सूर, म्हणजे संदेशाची कंपनसंख्या, किंचित बदलतो, हे त्यातून लख्ख कळलं. नाशिकच्या वाइनमध्येही हाच रेणू असतो, म्हणून आपल्याला तो परका नाही. आणि एस. एस. धर्मट्टीही परके नाहीत: पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) या ‘न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स’चं, म्हणजे एनएमआरचं, संशोधन त्यांनीच उभं केलं.

चित्र आलं ते १९७३ मध्ये. पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्र मुद्दाम असमान ठेवलं आणि पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा मिळवली. त्याआधी १९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या गाठींमधला संदेश निरोगी ऊतींपेक्षा वेगळा असतो हे दाखवलं होतं. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं, डमाडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. ते भांडण बाजूला ठेवू. मुद्दा असा, की रुग्णालयात पोचताना या तंत्राने नावातला ‘न्यूक्लिअर’ शब्द टाकला, कारण लोक दचकत. रसायनशास्त्रही बरंचसं मागे पडलं. यंत्र ऐकू लागलं ते मुख्यतः पाणी आणि चरबी.

त्याला कारणही तसंच होतं. मेंदूत पाण्याच्या साधारण चार हजार रेणूंमागे चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा एक. ऑक्सफर्डमध्ये १९७४ मध्ये उंदराच्या पायाच्या अखंड स्नायूमधली फॉस्फरसची संयुगं मोजून दाखवली होती, पण अशा क्षीण संदेशातून बारीक चित्र उभं राहत नाही.

यावर २००० साली रॉबर्ट बालाबान आणि सहकाऱ्यांनी जी युक्ती मांडली, ती नाशिककराला रंगपंचमीवरून चटकन कळेल. तिवंधा किंवा शनि चौकातली रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला, गर्दीच्या मानाने एवढासा खड्डा. पण एकेक जण धप्पा मारतो, रंगून बाहेर पडतो, दुसरा उतरतो. घटकाभराने चौकाबाहेर उभ्या माणसाला रहाड न दिसताही, रंगलेल्या माणसांवरून ती किती जोरात चालली आहे याचा अंदाज येतो. सेस्ट नावाच्या या पद्धतीत तेच होतं. ग्लुटामेटवरच्या हायड्रोजनांच्या नेमक्या सुरात रेडिओ लहरी सोडून त्यांचा संदेश पुसायचा. हे हायड्रोजन पाण्यातल्या हायड्रोजनांशी सतत अदलाबदल करतात, म्हणून ती खूण पाण्यात साचत जाते. पाण्याचा संदेश किती घटला हे मोजलं, की ग्लुटामेटचा पत्ता लागतो.

मग क्षेत्र प्रबळ का लागतं? ही अदलाबदल सेकंदाला काही हजार वेळा होते, आणि १.५ टेस्लाला ग्लुटामेट व पाण्याच्या सुरांत जेमतेम १९० हर्ट्‌झचं अंतर असतं. इतक्या घाईत दोन्ही सूर एकमेकांत मिसळून जातात. ७ टेस्लाला अंतर ९०० हर्ट्‌झच्या आसपास जातं, शिवाय पाण्यात गेलेली खूण जास्त वेळ टिकते. रविंदर रेड्डी यांच्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये ७ टेस्लावर मेंदूतल्या ग्लुटामेटचे नकाशे दाखवले. २०१५ मध्ये तिथेच, नेहमीच्या एमआरआयमध्ये काहीही न सापडलेल्या चार अपस्मार रुग्णांत झटके मेंदूच्या कोणत्या बाजूने सुरू होतात, हे या पद्धतीने ओळखता आलं. चार म्हणजे फारच थोडे, हे खरं. पण ‘रिपोर्ट नॉर्मल’ हातात घेऊन पुन्हा डॉक्टरांच्या दारात बसलेल्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

किंमत मात्र मोजावी लागते. ७ टेस्लाला लागणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी शरीरात जेमतेम १३ सेंटिमीटर उरते, म्हणजे डोक्याहून कमी. त्यामुळे चित्र कुठे उजळ, कुठे काळपट येतं, आणि ऊती तापू नयेत म्हणून जपावं लागतं. रुग्णांसाठीच्या ७ टेस्ला यंत्राला अमेरिकेत परवानगी मिळाली ती २०१७ मध्ये. रसायनशास्त्रज्ञ बोटभर नळीसाठी ११.७ टेस्ला १९८० च्या दशकातच वापरत होते. त्याच क्षेत्रात माणसाचं डोकं घालायचं तर फ्रान्समध्ये सॅक्ले इथे १३२ टनांचा चुंबक बांधावा लागला, तोही उणे २७१ अंशांवर थंड ठेवलेला. २०२१ मध्ये त्यात आधी भोपळा ठेवून पाहिला, आणि माणसांच्या मेंदूची पहिली चित्रं २०२४ मध्ये जाहीर झाली. चार मिनिटांत ०.२ मिलिमीटरचा बारकावा, पण चित्रं पुन्हा पाण्याचीच. ग्लुटामेट, ग्लुकोज आणि मनोविकारांवर दिलं जाणारं लिथियम अजून रांगेत आहेत.