काळ्या पाषाणावरचा समुद्र : नाशिकमध्ये हवाईचा रीफ टँक

हवाईच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ आणि मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, क्लाउनफिश नसतो. तो केशरी-पांढरा मासा हवाईच्या समुद्रात मुळात सापडतच नाही. फांद्याफांद्यांचं ॲक्रोपोरा प्रवाळही तिथल्या मुख्य बेटांभोवती दुर्मीळ आहे. दुकानात दिसेल ते रंगीत आणून भरलं तर टँक इंडोनेशियाचा होतो. ही बेटं सर्वात जवळच्या खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर आहेत. तिथवर थोड्याच प्रजाती पोहोचल्या, आणि ज्या पोहोचल्या त्यांतल्या कित्येक पुढे फक्त तिथल्याच झाल्या. रीफवरच्या माशांच्या प्रजातींपैकी साधारण पाव हिस्सा जगात दुसरीकडे नाही. म्हणून प्रवाळ मोजके, काळा खडक उघडा, मासे ठसठशीत आणि पाणी सतत हेलकावणारं, एवढं आधी मनाशी पक्कं हवं.

खडक नाशिककरांना परका नाही. हवाई बेटं बेसॉल्टची आणि आपलं दख्खनचं पठारही बेसॉल्टचंच, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. त्र्यंबकेश्वराच्या मंदिराचा काळा पाषाण तोच. खाणीतला घट्ट, ताजा फुटलेला दगड टँकमध्ये चालतो. तांबूस गंजाचे ओघळ किंवा धातूसारखी चमक दिसली तर तो घेऊ नये. मात्र या दगडात सच्छिद्रता कमी, त्यामुळे पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जिवाणूंना घर मिळत नाही. दोन तृतीयांश खडक अरागोनाइट या सच्छिद्र चुनखडीचा ठेवावा आणि बेसॉल्ट फक्त दर्शनी भागात. काळी वाळू टाकायचा मोह होतो, कारण हवाईत पुनालुउसारखे काळ्या वाळूचे किनारे आहेत. आपल्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइटचे कण असतात. मूठभर वाळू कागदावर पसरून खालून चुंबक फिरवा. कण उभे राहिले तर तेच कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटून काचेवर कायमचे ओरखडे पाडतील आणि पंपाच्या इम्पेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या चक्रावर, जाऊन बसतील. त्यापेक्षा पांढरी अरागोनाइट वाळू दोन-तीन सेंटिमीटर पसरावी.

टँक 180 × 75 × 60 सेंटिमीटरचा धरू. 15 मिमी काचेचंच वजन 165 किलोच्या आसपास जातं. पाणी, खडक, वाळू, स्टँड आणि खालचा संप, म्हणजे गाळणीची टाकी, मिळून सगळं साडेबाराशे किलोपर्यंत पोहोचतं, म्हणजे दर चौरस मीटरला नऊशे किलोंहून जास्त. घराच्या स्लॅबचा हिशोब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो चल भार (माणसं-सामानाचा) धरून केलेला असतो. तळमजला असेल तर उत्तम. वरचा मजला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बीम कुठून जातो ते दाखवायला सांगा आणि मगच जागा ठरवा.

पाणी गंगापूर धरणाचं असो की बोअरचं, थेट वापरू नये. स्वयंपाकघरातल्या आरओचंही चालत नाही, कारण त्यातला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. त्या पाण्यातून सिलिका आणि नायट्रेट येतात आणि काचेवर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर चढतो. आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणावा. खडक बसल्यावर टँक आणि संप मिळून सुमारे 750 लिटर पाणी राहतं. लिटरला 37 ग्रॅमप्रमाणे 28 किलो मरीन सॉल्ट लागेल. क्षारता 35 पीपीटी, म्हणजे हजार भागांत 35 भाग, हवी. ती मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नाही, 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवावा. शून्याला बरोबर दाखवणारं यंत्र पस्तिसाला चुकू शकतं.

मग सायकलिंग, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढवणं. 750 लिटरला 2 पीपीएम (दशलक्षात दोन भाग) अमोनिया आणायला 4.7 ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरतं. हा नवसागरच, पण बाजारातला नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे जातात.

हवाईचं पाणी वर्षभर साधारण 24 ते 27 अंशांत असतं. नाशिकमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो, त्यामुळे चिलर आणि हीटर दोन्ही लागतात. पण इथल्या कोरड्या उन्हाळ्याचा एक मोठा फायदा आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2,430 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. 750 लिटर पाणी एक अंशाने उतरवायला साधारण 1.3 लिटर बाष्पीभवन पुरतं. पृष्ठभागावर तिरके लावलेले दोन-तीन छोटे पंखे चिलरचं निम्मं काम करतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे ही युक्ती लंगडी पडते, पण तेव्हा उकाडाही कमी असतो.

उन्हाळ्यात रोज सात-आठ लिटर पाणी उडून जातं आणि क्षार मागेच राहतात. म्हणून भरपाई गोड्या आरओ-डीआय पाण्याने, ऑटो टॉप-अप लावूनच करावी. त्याच पाण्यात चुन्याची निवळी देता येते. तिच्यातून प्रवाळाला सांगाड्यासाठी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) एकदमच मिळतात. पानाचा किंवा भिंतीचा चुना नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवं. मात्र पूर्ण तीव्रतेची एक लिटर निवळी 750 लिटरची अल्कलिनिटी 0.15 डीकेएचने (हे तिचं एकक) वाढवते. म्हणजे आठ लिटरला एका दिवसात 1.2, आणि प्रवाळाची चार रोपं असलेल्या नव्या टँकला हे झेपत नाही, पीएचही उडतो. पाव तीव्रतेने सुरुवात करून अल्कलिनिटी 8 ते 9 वर धरावी. कॅल्शियम 420 आणि मॅग्नेशियम 1,300 ते 1,350 पीपीएम.

आमच्या मते हवाईच्या टँकचा प्राण लाटेत आहे. दोन वेव्ह पंप मिळून ताशी 28,000 लिटर प्रवाह हवाच, पण खरी लाट वेगळी. वायकीकी अ‍ॅक्वेरियमचे संचालक राहिलेल्या ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखलं जाणारं सर्ज उपकरण घरी करता येतं. टँकच्या वर 40 लिटरचा पिंप ठेवा. एक पंप तो ताशी 1,800 लिटरने भरतो. आत उलट्या यूच्या आकाराची 50 मिमी पीव्हीसी नळी. पाणी वळणावरून गेलं की सायफन लागतो आणि पिंप काही सेकंदांत रिकामा होतो. साधारण 80 सेकंदांनी पुन्हा लाट. पंप अशक्त असेल तर पाणी वळणावरून नुसतं झिरपतं आणि सायफन लागत नाही. फार जोरकस असेल तर सायफन तुटतच नाही. व्हॉल्व्हने प्रवाह थोडा थोडा बदलून मधली जागा शोधावी. 40 लिटर अचानक आले की टँकची पातळी 3 सेंटिमीटर चढते, म्हणून काठाखाली 5 सेंटिमीटर मोकळे ठेवा आणि वीज गेल्यावर परत येणारं पाणी मावेल एवढी जागा संपमध्ये ठेवा. वीज जाणार हे गृहीतच धरा. एक 30 वॅटचा वेव्ह पंप साइन वेव्ह इन्व्हर्टरवर कायम जोडलेला हवा. 150 एएचची बॅटरी तो रात्रभर सहज चालवते.

प्रवाळ निवडताना मॉन्टिपोरा आणि पोसिलोपोरा धरावेत. हवाईच्या खडकांवर या जातकुळी दिसतात. त्यांना 150 ते 250 पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) इतका उजेड लागतो. तिथल्या समुद्रातून टणक प्रवाळ काढायला बंदी आहे. आपल्याकडेही टणक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला वाळलेला तुकडाही चालत नाही. टँकमध्ये वाढवलेली, कागदपत्रं असलेली रोपंच घ्यावीत. पॅलिथोआ या प्रवाळाच्या मऊ नातेवाइकापासून मात्र सावध राहा. हवाईच्या माउई बेटावरच्या अशाच एका जातीतून 1971 साली पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वेगळं केलं गेलं. हातमोजे आणि गॉगल घालूनच त्याला हात लावावा. असा खडक साफ करायला उकळू नये, वाफेतून विषबाधा होऊन लोक रुग्णालयात पोहोचले आहेत.

मासे शेवटी. हवाईचा राज्यमासा हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ हा ट्रिगरफिश खेकडे आणि गोगलगायी फोडून खातो, रीफमध्ये नकोच. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा तिथला क्लीनर रास मासाही नको, बंद टँकमध्ये तो बहुधा उपाशी मरतो. कोले टँग घ्यावा, त्याचे ब्रशसारखे दात खडकावरचं शेवाळ विंचरून काढतात. यलो टँगची कृत्रिम पैदास 2015 साली हवाईतच साधली, तेव्हा टँकमध्ये जन्मलेलाच मागावा. प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत राहिला पाहिजे. टँग जातीला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन होतो, आणि तो मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे काढून टँक अडीच महिने रिकामा ठेवावा लागतो.

पहिल्या रात्री दिवे गेल्यावर यलो टँग फिकट पडतो, अंगावर तपकिरी डाग आणि मधोमध पांढरा पट्टा उमटतो. तो आजारी नसतो. औषध घालू नका, दिवा लावून पाहू नका. सकाळी उजेड झाला की थोड्या वेळात तो पुन्हा लिंबासारखा पिवळा झालेला असतो.