मायएसक्यूएलअ‍ॅडमिन

मायएसक्यूएल या डेटाबेसबरोबर येणारे, कमांड लाइनवरून, म्हणजे काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करून चालवायचे साधन. सर्व्हर कधीपासून चालू आहे आणि त्याच्यावर किती काम पडते आहे, हे त्यातून एका ओळीत कळते. मायएसक्यूएल 1995 चा; 2009 मध्ये त्यातून मारियाडीबी फुटून निघाला आणि तिथे हेच साधन मारियाडीबी-अ‍ॅडमिन या नावाने मिळते. वाचनालयांसाठीची कोहा ही मुक्त प्रणाली याच डेटाबेसांवर चालते. त्यामुळे खानापूर-निपाणीकडच्या एखाद्या वाचनालयात कोहा बसवली, की ही काळी स्क्रीन ग्रंथपालाच्याही वाट्याला येते.

साधनाच्या नावापुढे ‘स्टेटस’ लिहून एंटर मारले की ओळ उमटते. पासवर्ड कमांडमध्येच लिहू नये, विचारल्यावर द्यावा. नाहीतर तो टर्मिनलच्या इतिहासात राहतो.

ओळीतला पहिला आकडा अपटाइम, सेकंदांत. 86,400 म्हणजे एक दिवस. सीमाभागात वीज जात नाही, ‘करंट’ जातो. इन्व्हर्टरने मान टाकली की सर्व्हरही बसतो आणि पुन्हा उठल्यावर बहुतेक मोजण्या शून्यापासून सुरू होतात. सकाळी दहाला अपटाइम 7,200 दिसला, तर “रात्री करंट गेला होता काय हो?” असे शिपाईमामांना विचारण्याआधीच सर्व्हर आठला उठल्याचे कळलेले असते.

शेवटचा आकडा दर सेकंदाच्या क्वेरींची, म्हणजे डेटाबेसकडे आलेल्या विचारणांची सरासरी, आणि फसगत होते ती इथेच. समजा सर्व्हर दहा दिवस, म्हणजे 8,64,000 सेकंद चालू आहे आणि क्वेश्चन्सच्या, म्हणजे एकूण विचारणांच्या, जागी 17,28,000 दिसते. सरासरी आली दोन. पण या दोनात दहाही रात्री आल्या, सुट्टीचा वार आला. संध्याकाळी सहाला देवघेवीच्या खिडकीवर रांग लागते तेव्हाचा भार त्यात विरघळून जातो. त्यासाठी ‘एक्स्टेंडेड-स्टेटस’ला आय आणि आर हे पर्याय जोडावेत. आयपुढे 10 दिले तर दर दहा सेकंदांनी आकडे येतात, आणि आरमुळे एकूण बेरजेऐवजी मधल्या काळातला फरक दिसतो. पहिला तक्ता मात्र बेरजेचाच असतो. तो सोडून द्यावा.

‘स्लो क्वेरीज: 0’ यावरही खूश होऊ नये. क्वेरी संथ ठरण्याची मुळातली मर्यादा दहा सेकंदांची आहे. आठ सेकंद ताटकळलेला सभासद या हिशेबात बसतच नाही. मर्यादा एक-दोन सेकंदांवर आणली तरच या रकान्याला अर्थ येतो.

टेबलांची, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींच्या तक्त्यांची, माहिती मायएसक्यूएलशो हे भावंड देते. त्याच्या स्टेटस पर्यायात नोंदींची संख्या दिसते, पण इनोडीबी या साठवणपद्धतीच्या टेबलांत ती अंदाजाची असते. खऱ्या संख्येपेक्षा 40 ते 50 टक्क्यांपर्यंत चुकू शकते. वार्षिक अहवालातली ग्रंथसंख्या इथून उचलणे म्हणजे पुढच्या सभेत भांडण ओढवून घेणे. ‘काउंट’ पर्याय खरोखर मोजतो. टेबल मोठे असेल तर वेळ लावतो, इतकेच.

टेबलाचा आकार बाइटमध्ये दिसतो. यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, कन्नडचेही तेवढेच. साधे रोमन अक्षर एक. ‘बेळगाव’ची चिन्हे मात्रा-काना धरून सहा, म्हणजे 18 बाइट. रोमन लिपीतल्या ‘बेलगाम’ची सात अक्षरे सात बाइटांत बसतात. कन्नड लिपीतल्या ‘बेळगावि’ला 21 लागतात.

गावाच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूची, असेल तर त्यात वेगवेगळी मूल्ये किती, याचाही अंदाज सर्व्हर ठेवतो. मुळात इंडेक्सची 20 पाने नमुना म्हणून तपासून. तो शिळा वाटला तर मायएसक्यूएलचेक हे आणखी एक भावंड अ‍ॅनलाइझ पर्यायासह चालवावे. शहराचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे बेळगावी झाले. जुन्या सभासदांच्या अर्जांवर मात्र बेळगावच आहे, काहींवर रोमन ‘बेलगाम’, काहींवर कन्नड. रोमनमधला मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक मायएसक्यूएल सहसा एकच धरतो. लिपी बदलली की त्याच्या लेखी गाव बदलते.