वादळाने धोकादायक झालेलं झाड: परवानगीचा अर्ज कसा करायचा

झाड उन्मळून रस्त्यावर किंवा घरावर पडलं असेल, तर अर्ज लिहीत बसू नका. मुंबईत 1916 वर, इतरत्र अग्निशमन दलाला 101 वर कळवा. अर्ज लागतो तो उभ्या, पण कललेल्या किंवा चिरलेल्या झाडासाठी. महाराष्ट्राच्या शहरी भागात ते खासगी आवारात असलं तरी 1975 च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाखाली येतं. विनापरवानगी तोड हा गुन्हा आहे.

अर्ज जागेच्या मालकाने किंवा सोसायटीने पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा, ठेकेदाराच्या नावाने नाही. सोबत 7/12 किंवा मिळकत पत्रिका, सोसायटीचा ठराव, झाडाची जागा दाखवणारा नकाशा, झाडाची जात, जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजलेला बुंध्याचा घेर आणि छायाचित्रं. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक बुंध्याचा, एक चिरेचा आणि एक झाड पडलं तर ज्यावर पडेल त्या जागेचा. हा शेवटचा बहुतेक जण विसरतात.

नुसतं ‘धोकादायक आहे’ लिहून भागत नाही. झाड वाऱ्याने पडलेलं आहे किंवा जीविताला, मालमत्तेला धोका आहे असं वृक्ष प्राधिकरणाला (झाडांच्या परवानग्या ठरवणाऱ्या पालिकेच्या समितीला) पटलं, तर कायद्याने परवानगी नाकारता येत नाही. म्हणून कारणाचा रकानाच सगळ्यात नीट भरा. कोणत्या बाजूची माती उचलली गेली, मुळं तुटलेली दिसतात का, झुकाव नवा आहे का? जुन्या झुकावाच्या झाडाचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असतो. वादळाने कललेलं खोड शेंड्यापर्यंत एकाच रेषेत तिरकं दिसतं. एकच फांदी फाटली असेल तर छाटणीच मागा. तिलाही परवानगी लागते, पण झाड वाचतं.

परवानगी आल्यावरही तारेला टेकलेल्या फांदीला हात लावू नका. महावितरणच्या भागात 1912 वर कळवा आणि वीज बंद केल्याची लेखी खात्री घ्या. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर आधी वृक्ष अधिकाऱ्याला सांगा.

वाकून ताणलेल्या फांदीला आधी दाबाच्या (बाकाच्या आतल्या) बाजूने उथळ काप द्यायचा, मग ताणाच्या (बाकाच्या बाहेरच्या) बाजूने. सुरुवात ताणाकडून केली तर फांदी उभी फाटून कामगारावर येते. दाबाकडचा काप खोल गेला तर करवत अडकते. उन्मळलेलं खोड कापताना मुळांच्या खड्ड्यात कोणीही उभं राहू नये: खोडाचं वजन सुटताच मुळांचा गड्डा झटक्यात परत खाली बसतो.