एमडी कम्युनिटी मेडिसिन: नीट-पीजीच्या अर्जापासून कॉलेजात हजर होईपर्यंत

कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विचार करणारी वैद्यकशाखा, विद्यार्थ्यांच्या बोलण्यात अजूनही पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन). नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेत ही शाखा बऱ्याच खालच्या रँकलाही मिळते. म्हणून इथे सीट हुकते ती बहुतेक वेळा एखाद्या दाखल्यापायी किंवा जागावाटपाच्या फेरीचा नियम न वाचल्यामुळे. साथरोग नियंत्रण, लसीकरण, आरोग्य प्रशासन यांतच काम करायचं ठरवलेल्यांचं असं नुकसान फार लागतं.

पात्रतेत तीन गोष्टी येतात: मान्यताप्राप्त एमबीबीएस, एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) किंवा राज्य वैद्यकीय परिषदेची कायम वा तात्पुरती नोंदणी, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण झालेली 12 महिन्यांची इंटर्नशिप. 2025 च्या परीक्षेसाठी ही तारीख 31 जुलै होती. सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. इंटर्नशिपमध्ये 15 दिवस रजा मिळते. त्यापेक्षा जास्त दिवस बुडाले की तेवढे दिवस पोस्टिंग वाढतं, आणि शेवटचा दिवस ठरलेल्या तारखेच्या एका दिवसाने जरी पुढे गेला तरी चांगली रँक असूनही उमेदवार अपात्र ठरतो. त्यामुळे अर्ज भरण्याआधीच अधिष्ठाता कार्यालयात जाऊन प्रमाणपत्रावर नेमकी कोणती तारीख येणार आहे ते विचारून घ्या. परदेशातून एमबीबीएस केलेल्यांना एफएमजीई ही परदेशी पदवीधरांसाठीची परीक्षा उत्तीर्ण असावं लागतं.

परीक्षा एनबीईएमएस (राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ) घेते. 200 प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. 2024 पासून 40 प्रश्नांचे पाच भाग असतात, प्रत्येकाला 42 मिनिटं, आणि वेळ संपलेल्या भागाकडे परत जाता येत नाही. पात्रतेसाठी खुल्या आणि ईडब्ल्यूएस वर्गाला 50 पर्सेंटाइल, खुल्या वर्गातल्या दिव्यांगांना 45, एससी, एसटी व ओबीसींना 40. जागा रिकाम्या राहिल्या की सरकार ही मर्यादा नंतर खाली आणतं, असं अनेक वर्षं घडलंय.

2025 मध्ये अर्जाचं शुल्क 3,500 रुपये होतं. एससी, एसटी व दिव्यांगांना 2,500. नाव, ईमेल, मोबाइल आणि परीक्षेचं शहर दुरुस्तीच्या मुदतीतही बदलता येत नाही. प्रवर्ग बदलता येतो, पण त्याच मुदतीत. पुढे समुपदेशनात, म्हणजे जागावाटपात, हाच प्रवर्ग धरला जातो.

आता समुपदेशन. सरकारी कॉलेजांतल्या 50 टक्के अखिल भारतीय जागा, अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि डीएनबीच्या (एनबीईएमएसच्या, एमडीच्या तोडीच्या पदवीच्या) जागा एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, भरते. उरलेल्या राज्याच्या जागा महाराष्ट्रात सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष, भरतो. नोंदणी दोन्हीकडे वेगवेगळी करावी लागते. एमसीसीकडे अखिल भारतीय कोट्यासाठी 1,000 रुपये शुल्क आणि 25,000 रुपये अनामत (राखीव प्रवर्गांना 500 आणि 10,000). अभिमतसाठी मात्र 5,000 आणि थेट 2 लाख. राज्य कोट्याची पात्रता त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा. 29 जानेवारी 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात निव्वळ रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. संस्थेच्या आधारावर दिलेलं प्राधान्य मात्र टिकलं. म्हणूनच जुन्या सीनियरने सांगितलेला नियम चालेलच असं नाही.

कागद असे लागतात: प्रवेशपत्र, निकालपत्र, वाटपपत्र, एमबीबीएसच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी, इंटर्नशिप प्रमाणपत्र, परिषदेची नोंदणी, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, फोटो. राखीव प्रवर्गातून येणाऱ्यांनी एक फरक पक्का लक्षात ठेवावा. एमसीसीकडे ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे दाखवला तर तो नाकारला जातो. उलट राज्य कोट्यात जात पडताळणी समितीची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) लागते, जी एमसीसी मागत नाही. एसईबीसीचं (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचं) आरक्षण फक्त राज्य कोट्यात आहे. व्हॅलिडिटी नसेल तर निकालाची वाट न पाहता आजच समितीकडे अर्ज करा.

पसंतीक्रम भरताना फेऱ्यांचे नियम लक्षात ठेवा. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवर गेला नाहीत तरी अनामत जात नाही. दुसऱ्या फेरीपासून जाते. तिसऱ्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं आणि स्ट्रे फेरीत, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीत, नाकारली तर पुढच्या सत्राची परीक्षाही जाते. अपग्रेड, म्हणजे पुढच्या फेरीत यादीतली वरची जागा, हवं असेल तर आधी कॉलेजात प्रत्यक्ष हजर राहून प्रवेश घ्यायचा आणि तशी इच्छा नोंदवायची. वरची जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते. 'दोन्हींतून निवडू' असं करता येत नाही. प्रत्येक फेरीत पसंतीक्रम नव्याने भरावा लागतो. पीएसएमच हवं असेल तर इतर शाखा यादीत वर टाकू नका, कारण संगणक तुमच्या यादीतला वरचा मिळू शकणारा पर्याय देतो आणि तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा. 2023 च्या एनएमसी नियमांनुसार तीन महिने जिल्हा रेसिडेन्सी, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या आरोग्यसेवेत काम, सक्तीची आहे आणि प्रबंधही करावा लागतो. एमबीबीएस नसलेल्यांसाठी एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) हा वेगळा मार्ग आहे, उदाहरणार्थ मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. वैद्यकीय कॉलेजात या विषयाचं प्राध्यापक व्हायचं असेल तर मात्र एमडी किंवा डीएनबीच करा.

हजर होताना मूळ कागद कॉलेजात जमा करावे लागतात आणि ते बराच काळ तिथेच राहतात. बाँडमुळे (सक्तीच्या सेवेच्या करारामुळे) किंवा जुन्या प्रवेशामुळे मूळ कागद दुसऱ्या संस्थेत असतील तर वाटपाआधीच सोडवून घ्या, आणि जमा करण्यापूर्वी सगळ्याच्या रंगीत स्कॅन प्रती काढून ठेवा.