ताजमहाल हॉटेल उलटं बांधलंय का?

मुंबईत अपोलो बंदरावरच्या ताजबद्दल एक कथा सांगतात: नकाशा चुकीच्या बाजूने वाचला गेला, दर्शनी भाग समुद्राऐवजी शहराकडे आला आणि ते पाहून गोऱ्या वास्तुविशारदाने जीव दिला. कथा रंगतदार, पण तारखांपुढे टिकत नाही.

मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य इमारत पूर्ण होण्याआधीच वारले. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेलं. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं, ते पाहायला वैद्य हयातच नव्हते. मग पश्चात्ताप कोण करणार?

उपग्रह नकाशात जुनी इमारत वरून पाहा. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी दिसेल, उघडी बाजू शहराकडे. पाहुणे घोडागाड्यांतून शहरातूनच यायचे, म्हणून मूळ प्रवेशद्वार तिकडे, दोन पंखांमधल्या अंगणात. पश्चिमेचा वाराही तिथून आत शिरायचा. बंदराकडची लांब बाजू खोल्यांना दिली. समुद्र दिसावा म्हणून पैसे मोजणाऱ्याला तो खिडकीतून दिसायला हवा, दारातून नव्हे. हे गणित साधंच आहे.

गोंधळ नंतरचा. प्रवेश पुढे बंदराच्या बाजूला हलला आणि जुन्या अंगणात पोहण्याचा तलाव आला. समोरच्या गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन १९२४ चं. हॉटेल बांधताना तो नव्हताच. आज गेटवेकडे पाठ करून ताज बघणाऱ्याला हीच पुढची बाजू वाटते.