कोहांगा रेओ

न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या भाषेतून चालणारी बालकेंद्रे. नावाचा अर्थ ‘भाषेचे घरटे’. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुले येथे खेळतात, जेवतात, झोपतात, भांडतात, आणि ते सारे माओरीतून. पहिले केंद्र एप्रिल १९८२मध्ये वेलिंग्टनजवळ वायनुइओमाता येथे उघडले.

माओरी भाषा ओसरली ती आधी शाळेमुळे. १८६७च्या कायद्यान्वये माओरी मुलांसाठी निघालेल्या सरकारी शाळा इंग्रजीकडे झुकलेल्या होत्या, आणि पुढे आवारात माओरी बोलले तरी मार बसे. असा मार खाल्लेल्या अनेकांनी आपल्या लेकरांशी घरी इंग्रजीच धरली. त्यामागे भाषेचा दुस्वास नव्हता, लेकरांची काळजी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबे शहरांत गेली आणि माओरी कानांवर पडणेही कमी झाले. १९७०च्या दशकातील पाहण्यांत अस्खलित बोलणारे बहुतेक उतारवयाचे निघाले.

मधली पिढी मुकी असेल तर आजीने थेट नातवंडाशी बोलावे, असा यावरचा उपाय निघाला. माओरी व्यवहार खात्याने बोलावलेल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकांतून ही कल्पना पुढे आली. इरिताना ताफिफिरांगी या तिच्या आघाडीच्या संघटक. आरंभी बरीच केंद्रे ‘माराए’ म्हणजे समाजाच्या सभास्थानांत भरत. शिक्षणाची पदवी नसली तरी चाले, भाषा मात्र पक्की हवी. कारभार मुलांच्या विस्तारित कुटुंबाकडे, म्हणजे ‘फानाउ’कडे असतो. त्यामुळे भाषा न येणाऱ्या आईबापांनाही ती शिकणे भाग पडले. या योजनेचे खरे बळ इथेच आहे. मुलाला नुसते सोडून निघून जाण्याची ही जागा नव्हे.

वाढ झपाट्याने झाली. १९९३च्या सुमारास ८००हून अधिक केंद्रांत सुमारे १४ हजार मुले होती. पण इथून इंग्रजी प्राथमिक शाळेत गेलेले मूल भाषा लवकर विसरे. म्हणून १९८५मध्ये ऑकलंडच्या होआनी वाइटिटी माराएवर पहिली ‘कुरा काउपापा माओरी’ ही माओरी माध्यमाची शाळा निघाली. १९८७मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली.

१९९०मध्ये केंद्रे शिक्षण मंत्रालयाकडे गेली. शिक्षककेंद्री बालवाड्यांसाठी बेतलेले निकष कुटुंबांनी चालवलेल्या केंद्रांना जाचू लागले, निधीवरून वाद वाढले. २०१२मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणानेही, म्हणजे माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या आयोगानेही, सरकारला दोष दिला. तोवर केंद्रांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. माओरी ही जन्मभाषा असलेले वृद्धही कमी होत गेले, आणि त्यांची जागा भरणे निधीपेक्षा अवघड आहे.

हवाईत याच धर्तीवर १९८३मध्ये ‘आहा पूनाना लेओ’ ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले केंद्र १९८४मध्ये काउआई बेटावर निघाले, तेव्हा शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचे करणारा १८९६चा कायदा अजून लागू होता. पालकांनी पाठपुरावा करून १९८६मध्ये तो अडसर दूर केला. फिनलंडमध्ये इनारी सामी या जेमतेम काही शे भाषकांच्या भाषेसाठी १९९७पासून अशी घरटी चालतात.